मुगाचं पाणी

"कुणाचा विश्वास बसणार नाही, तुझाही बसणार नाही," असं म्हणत अमृतलालशेठनी मुगाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसला आणि मूठभर मूग मंगाच्या तळव्यावर ओतले. "पण घबराहटीची गोळी मी सोडली ती याच्या पाण्यावर. इतक्या वर्षांची गोळी, एका आठवड्यात."

मंगा डोंगराकडच्या पाड्यावरून शिरपूरच्या बाजाराला आला, की शेठच्या दुकानाच्या पायरीवर टेकायचा. किराणा घ्यायचा, शेठची एखादी थाप ऐकायचा आणि हसत हसत जीप गाठायचा. आज तो हसला नाही. मूग बोटानं पसरून निरखत राहिला.

"एका आठवडामां?"

"मग काय. पहिल्यांदा ते पाणी प्यायलो आणि असा झोपलो, की हमालांनी पोतं समजून मला ट्रकमध्ये टाकलं. सेंधव्याच्या नाक्यावर मोजणीत एक पोतं जास्त भरलं. नाकेवाल्यानं माल बघायला पोटात टोचणी खुपसली, तेव्हा कुठं मी कूस बदलली."

या ठिकाणी ऐकणारा हसतो, हे शेठना पक्कं ठाऊक होतं. मंगानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. पट्टी निम्मी संपली होती.

"मन्ही बायको जिवलीनी शे. तिना भाऊ गया तैपासून चालू शे. दिनभर झोपी राहस, शेठ. चूल पेटाडस आनि तठेच डोया मिटस. आज सकाये मी पट्टी उचलीच आनी. आते तुम्हना मूग लई जास. आज रातथीन गोयी बंद."

शेठनी तराजूचं पारडं उगाच पुसलं.

चेलनानं, त्यांच्या सुनेनं, आहारशास्त्राचं शिक्षण घेतलं होतं. सासऱ्यांची गोळी कमी करायचं डॉक्टरांनी ठरवलं, तेव्हा तिनं दुपारनंतरचा चहा बंद केला, नाश्त्याची वेळ बांधून दिली, मूग, ताक, केळं असं सगळं बसवलं. "यानं शरीराला आधार मिळतो, बाबूजी. गोळीची जागा यातलं काही घेत नाही," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. शेठनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं सोडून दिलं. अर्धी गोळी झाली, अर्धीची पाव झाली. पाव मात्र घरजावयासारखी बसली, हलायला तयार नाही. चहा गेला, झोपही फारशी आली नाही, आणि मुगाचा नुसता वास आला तरी आता त्यांना राग यायचा. मागच्या महिन्यात त्यांनी परस्पर पावही बंद करून पाहिली. छाती अशी धडधडायला लागली, हात असे कापायला लागले, की वजनाचं माप हातातून निसटून बायकोच्या, चंदनबाईंच्या, पायाजवळ पडलं. डॉक्टर रागावले. एकदम सोडली तर झटके येतात, म्हणाले, आणि पुन्हा पाववर आणून ठेवलं.

ती पाव आत्ता आत वाटीत तयार होती. शेजारी पाण्याचा पेला. आणि मंगा पायरीवरून उठत नव्हता.

"असं एकदम नाही रे बंद करायचं," शेठ म्हणाले. "हळूहळू. थोडी थोडी कमी."

"तुम्ही तर एका आठवडामां सोडी."

"माझं वेगळं होतं."

"काय येगळं?"

 

"डॉक्टरला विचार आधी. ज्यानं दिली त्यालाच विचार."

"तुम्ही इचारं व्हतं?"

"मी... माझी गोष्ट सोड."

"मंग कसाले इचारू? दोन येय गयथू. तो आयकत नहीं, चिठ्ठी लिखी देस." मंगानं मूग रुमालात बांधायला घेतले. "तुम्हनी तर तब्येत मन्हा डोयासमोर शे. लाल टमाटर."

आतून चंदनबाईंची हाक आली. "अहो, ऊन भिंतीवरून उतरलं."

"आलो," शेठ ओरडले, गरजेपेक्षा मोठ्यानं. मग मंगाकडे वळून म्हणाले, "तुझी जीप जाईल."

"जाऊ दे. दुसरी भेटी. आते नीट सांगा, ते पानी तिले कव्हय देऊ? सकाये का रातले?"

शेठची नजर रस्त्यापलीकडे गेली. समोरच्या गच्चीवरच्या टाकीच्या मागे सूर्य टेकला होता. हा माणूस उठावा म्हणून काहीही बोलायला ते तयार होते.

"रात्री," ते घाईनं म्हणाले. "झोपताना. पेलाभर, कोमट."

"तुम्ही बी असंच लिधं?"

"रोज. अंथरुणावर बसून. आजही घेईन. जा आता."

चंदनबाई पडद्यातून अर्ध्या बाहेर आल्या. मंगाला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "ऐकताय ना? मावळला की संपलं. मग सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही तुम्हाला."

त्या आत गेल्या. पडदा हलत राहिला.

मंगाचा हात रुमालाच्या गाठीवर थांबला. तो पडद्याकडे बघत राहिला, मग शेठच्या बोटांकडे. ती बोटं पारड्याच्या साखळीला धरून होती आणि साखळी बारीक वाजत होती. मंगानं रुमाल सोडला, मूग पुन्हा पोत्यात ओतले. गोळ्यांची पट्टी आतल्या खिशात सरकवून वरून बटण लावलं.

"शेठ," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्हना लोके तर दिन बुडना का पानी बी पेत नहीत. मंग रातले ते मूगनं पानी कोन पेस? तुम्हनी गोयी काही सुटनी नहीं. जा, दिन बुडाना आत ली ल्या."