उजव्या बाजूचे फोटो

साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत रुद्राणी उजवीकडूनच दिसते.

उदगीरच्या मोंढ्यात तिचे वडील महादेवप्पा पोत्यात लोखंडी नळी खुपसून दाणे पाहिल्याशिवाय सौदा करत नाहीत.

रुद्राणीला शिट्टी छान वाजवता यायची. पुढं पुढं हवा डावीकडून निसटायला लागली.

आता हे जोडून वाचा.

डाव्या कानाखाली गाठ आली तेव्हा मुरुडची सोयरीक ठरत होती. डॉक्टर म्हणाले, "लाळेच्या ग्रंथीत आहे. सुई घालून तपासू."

महादेवप्पा उठलेच. "पोरीला सुई घातली की गावभर होतंय. लगीन होऊ द्या, मग बघू."

आई नीलाबाईने हळदीचा लेप लावला, वरून ओढणी. फोटोवाल्याला बजावलं, "उजवीकडूनच काढ बाबा."

"लई नखरेल हाय की नवरी!" बायका हसल्या. रुद्राणीही हसली.

लग्नाआधी नीलाबाई तिच्या गळ्यात इष्टलिंगाचा नवा दोरा बांधत होती.

"अव्वा, दोरा टोचून राहिलाय."

आईच्या बोटांना मानेच्या कातडीखाली कडक मणी लागले, एकाखाली एक. नीलाबाईने दोरा सैल केला. "गप. अक्षता पडू दे."

अक्षता पडल्या. सासरी तिचं तोंड वाकडं झालं, तसं "फसवून दिली" म्हणत त्यांनी तिला आणून सोडलं.

लातूरच्या डॉक्टरांनी मान चाचपली. "कॅन्सर ग्रंथीतच होता तोवर बरी होण्याची आशा मोठी होती. आता मानेच्या गाठींत उतरलाय. ऑपरेशन करू, किरणांचा शेक देऊ. खात्री मात्र देता येत नाही."

"तोंड सरळ होईल का?" महादेवप्पांनी विचारलं. "नांदवायला नेतील का?"

रुद्राणी त्यांच्याकडे बघत राहिली. "अप्पा, तुरीला नळी घालून बघता. मला का न्हाई बघितलं?"

कॅन्सर फुप्फुसात पोचला. रुद्राणी गेली. भिंतीवर लावायला साखरपुड्याचाच फोटो होता.

वर्षाने धाकट्या अंजूला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या आईने फोटोकडे पाहिलं. "ही थोरली? कशानं गेली?"

"ताप," महादेवप्पा म्हणाले.

अंजूने पोह्यांचा ट्रे खाली ठेवला. "ताप न्हाई. कॅन्सर. सोयरीक मोडंल म्हणून लपवला."

"अंजू, आत जा!"

"न्हाई जात. अप्पा, अक्काला मेल्यावर बी लपवून राहिलात तुम्ही." ती पाहुण्यांकडे वळली. "मला बघायचं तर हे ऐकून बघा. न्हाईतर वाट मोकळी हाय."

पाहुणे उठले. मुलाच्या आईने जाताना पदर कानावर ओढून घेतला. पोहे कुणी उचलले नाहीत.

डॉक्टरांनी पहिल्यांदा तपासलं तेव्हा रुद्राणीची गाठ चिंचोक्याएवढी होती आणि मानेत काहीच नव्हतं.