अकरा वाजताचं पाणी

खवला डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी चिकटलेला होता – नखाएवढा, वाळून कडक झालेला, तिरका धरला की फिकट निळा आणि सरळ धरला की काहीच नाही, नुसती त्वचा तेवढ्या जागी चकाकते आहे असं वाटावं. दोनदा साबण लावून हात धुतले होते, तरी राहिला. नखानं उचकटला असता तर निघाला असता. पण उचकटायचं सोडून ती भिंग आणून त्याच्याकडे पाहत बसली. वलयं होती, वर्षाला एक धरायचं. एक... दोन, आणि कडेला तिसरं, अर्धवट. कोमट पाण्यातल्या माशांच्या वलयांवर फार विश्वास ठेवू नये असं शिकवलं होतं. पण दोन तर दोन. म्हणजे हा मासा तळ्यात सोडला तेव्हा ती इथं प्रयोगशाळेत नुकती नोकरीला लागली होती. बोटभर पिल्लांच्या पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवून मामानं फोन केला होता – "काय शास्त्रीणबाई, सोडू का? पाणी कसं आहे?" – आणि तिनं समोरच्या वहीतला आकडा बघून सांगितलं होतं, उत्तम आहे, खुशाल सोड.

खुशाल! हा शब्द कशाला वापरला मी?

ब्युरेटच्या, त्या खुणांच्या काचनळीच्या, टोकाशी थेंब लोंबत होता. तिनं भिंग बाजूला ठेवलं.

टेबलावर काचेच्या बुचांच्या पाच बाटल्या ओळीनं होत्या, सकाळी तळ्यावर भरलेल्या. पाणी भरलं की तिथंच काठावर दोन औषधं घालायची, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू जागच्या जागी पकडला जातो आणि तळाशी साका बसतो. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर नाही. दोन वर्षांत पांढरा तिनं फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. आजही पाचही बाटल्यांत तपकिरी, दाट, चांगला बोटभर. आम्ल घातलं, साका विरघळून पाणी सोनेरी झालं, मग ब्युरेटमधून थेंब थेंब, थेंब थेंब... फिकट पिवळं झाल्यावर स्टार्च, एकदम गडद निळं, आणि मग तो एक थेंब, ज्याच्यानंतर निळं असं काही नव्हतंच जणू. तिला हा क्षण नेहमी आवडायचा. आज तो आला तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी आपल्यासमोर काहीतरी पुसून टाकलं.

बारा पूर्णांक चार.

"किती?" साहेब दारातूनच म्हणाले. प्रयोगशाळेचे प्रमुख असूनही ते आत फारसे येत नसत. वासानं डोकं चढतं म्हणत.

"बारा पूर्णांक चार."

"वा! मग मिटलंच की. प्राणवायू पाचच्या वर असला की मासे मजेत. हे तर बारा. म्हणजे कुणीतरी काहीतरी ओतलंय." ते चष्मा पुसत होते. "विषाचं काय ते मोठ्या प्रयोगशाळेकडून येईल तीन आठवड्यांनी. आपण आपल्यापुरतं लिहायचं – प्राणवायूच्या कमतरतेमुळे मृत्यू संभवत नाही. चारपर्यंत सहीला आणा. तुमच्या मामांनाच हवाय ना तो कागद?"

"हो."

"मग उशीर कशाला?"

मामाला कागद हवा होता तो उद्याच्या बैठकीसाठी. तळ्यात जाळीचे पिंजरे टाकून मासे वाढवणाऱ्यांची एक संस्था होती, आणि उद्या दुपारी तिच्यात ठरणार होतं की मामाच्या साडूची नाव काठावर चढवायची, त्याला तळ्यातून कायमचं बाहेर काढायचं. कारण सरळ होतं. काल पहाटे या काठाचे, मामाचे, सगळे मोठे मासे पोट वर करून तरंगले आणि पलीकडच्या काठावर साडूच्या पिंजऱ्यांतला एकही मेला नाही. आणि दोघांत बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. एवढ्यावर कुणाला आणखी काय हवं? फक्त एक कागद, शिक्क्याचा, की पाणी चांगलं होतं. पाणी चांगलं म्हणजे विष. विष म्हणजे साडू.

साडूकाका. लहानपणी सगळी पोरं त्याला असंच म्हणायची, जणू साडू हे त्याचं नावच. पाठीला हात लावून पाण्यावर तरंगायला त्यानंच शिकवलं होतं – "अंग सोड, पाण्याशी भांडू नकोस" – आणि हात कधी काढून घेतला ते कळलंच नव्हतं. आज सकाळी तो पलीकडे उभा होता, लहानसा, कंबरेवर हात ठेवून. तिनं हात वर करायला हवा होता. शेजारी मामा होता म्हणून केला नाही.

तिनं नोंदवही ओढली. तारीख, ठिकाण, तापमान तीस अंश, वेळ... वेळ लिहिताना पेन थांबलं.

सकाळी परत येताना जीपमध्ये कप्तान काय म्हणाला होता? कप्तान म्हणजे ड्रायव्हर. खड्ड्यांतून जीप अशी डोलवत नेतो की सगळे त्याला कप्तानच म्हणतात. तो म्हणाला होता, "मॅडम, त्या तळ्याला आपली वेळ पाठ झाली असणार बघा. अकराच्या ठोक्याला नटूनथटून बसतं. आमच्या शाळेत तपासनीस यायचे ना, मास्तर त्या दिवशी असेच हुशार पोरांना पुढं बसवायचे." ती हसली होती. चांगला विनोद होता. मग खिडकीबाहेर पाहिलं होतं, आणि हसू कुठंतरी अर्ध्यावर...

पानं उलटली. अकरा दहा. अकरा वीस. अकरा पाच. अकरा वीस. मागं मागं, दोन वर्षं, चोवीस महिने, सगळीकडे तिचंच अक्षर. अकरा कुणी ठरवले नव्हते. जीप सकाळी साहेबांना मुख्य कचेरीत सोडायला जायची, दहाला मोकळी व्हायची, तळ्यावर पोचेपर्यंत अकरा. एवढंच. आणि शेजारच्या रकान्यात आकडे चढत गेलेले – साडेसात, साडेआठ, नऊ पूर्णांक सहा, अकरा पूर्णांक एक – आणि प्रत्येक चढीला साहेबांची शाबासकी, आणि तिला, खरं सांगायचं तर, शाळेत मार्क वाढावेत तसं वाटलेलं.

तीस अंशांच्या पाण्यात हवेतून साडेसातच्या वर प्राणवायू मावतच नाही. हे तिला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. जास्तीचा येतो तो हिरव्या शेवाळातून. भर उन्हात शेवाळ पाण्यात प्राणवायू नुसता ओतत असतं. आणि सूर्य मावळला की तेच शेवाळ, तेवढंच दाट, तो परत ओढायला लागतं. रात्रभर ओढतं. सर्वांत कमी पहाटे. दिवसाचा आकडा जितका उंच, तितका पहाटेचा खड्डा खोल... परीक्षेत तिनं याचा आलेख काढला होता, डोंगर आणि दरी, दोन रंगांत. मग नोकरीला लागून दोन वर्षं ती महिन्यातून एकदा डोंगराच्या माथ्यावर जाऊन उभी राहत होती आणि खाली कळवत होती, सगळं ठीक आहे.

ती उठली. खिडकीपाशी गेली. पुन्हा येऊन बसली. धुतलेली चंचूपात्रं पुन्हा धुवायला घेतली.

पण शेवाळ कुठून आलं? – असं तिच्यातलं कुणीतरी वकिलासारखं म्हणालं. मी आणलं का? नवीन वसाहतींचा नाला दीड वर्षापूर्वी तळ्यात वळवला, मामाच्याच काठाला, त्याच्या तोंडाशी साबणाचा फेस साचतो तो काय माझा? वरच्या शेतांतून खत वाहून येतं ते? साबण आणि खत, दोन्ही शेवाळाचं खाणं. मासा मारायला विषच लागतं असं थोडंच आहे. पाण्याला नको इतकं खाऊ घातलं तरी पुरे. आणि साडूच्या काठाला वारा लागतो, तिथं रात्रभर लाटा असतात, पाणी घुसळलं जातं, म्हणून त्याचे वाचले. इतकं सोपं! ...इतकं सोपं होतं तर मग दिसलं कसं नाही?

दिसलं तर सकाळीच होतं. मेलेल्यांचे कल्ले ताणून उघडे होते, तोंडं उघडी. अंगावर जखम नाही, रक्त नाही. मेले ते सगळे मोठे. लहान पिल्लं तशीच फिरत होती, कारण लहान जिवाला प्राणवायू लागतो थोडा. पाण्यावरचे किडे टणाटण उड्या मारत होते. विषानं किडे आधी मेले असते. आणि गोगलगायी, पिंजऱ्यांच्या बांबूंवर, पाण्याच्या रेषेच्या वीतभर वर, एकीवर एक चढून बसलेल्या. खाली राहवत नव्हतं म्हणून. हे सगळं तिनं पाहिलं, आणि मग घड्याळ बघून बाटली बुडवली, कारण सव्वाअकरा होत आले होते.

आता शेरा. कोरा रकाना, दोन ओळींचा. 'नमुना पहाटे घेतलेला नसल्याने...' लिहिलं तर? साहेब म्हणतील, मग मागचे तेवीस अहवाल काय होते? मामा काय म्हणेल ते तिला ऐकू येत होतं – नाही, मामा काहीच म्हणणार नाही, नुसता बघेल, ते जास्त वाईट. तो गावभर सांगत हिंडायचा, आमची भाची पाण्याच्या पोटातलं ओळखते. आणि नाही लिहिलं तर कागदावरचा एक शब्दही खोटा नाही. बारा पूर्णांक चार. खरा आकडा, नीट मोजलेला, दोनदा पडताळलेला. खऱ्या आकड्याला धरून एका माणसाला तळ्यातून उचलायचं.

टेबलावर फोन थरथरला. मामा.

"झाला का गं कागद?"

"होतोय. मामा... एक विचारू? एवढ्यात पहाटे तू पिंजऱ्यांकडे जायचास?"

"रोज जातो. तू मला आळशी समजतेस काय?"

"मग मासे कसे असायचे? त्या वेळी?"

"कसे म्हणजे? वर यायचे. महिना झाला असेल, उजाडायच्या आत सगळे वर, तोंडं काढून, अशी आ करून... पाणी नुसतं पचपच वाजायचं. भुकेले गं. हल्ली फारच भुकेले झाले होते. मी बापडा खाद्य वाढवलं. पहिलं एक पोतं जायचं, दोन करायला लागलो. तरी दुसऱ्या दिवशी परत आ." तो थांबला. "खायचे मात्र नाहीत नीट. तळाशी जायचं सगळं. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती, की त्यानं काहीतरी टाकलंय म्हणून."

आ करून. पृष्ठभागाच्या पातळ थरात जो काही उरलेला असतो तो ओढायला. महिनाभर, रोज पहाटे, ते त्याला सांगत होते, आणि तो प्रेमानं त्यांना खायला घालत होता. तळाशी गेलेलं दोन पोती खाद्य तिथं कुजणार, आणि कुजणंही प्राणवायूच खाणार. तिला इतका वेळ वाटत होतं की खरं सांगणं म्हणजे स्वतःवर दोष घेणं, आणि त्यासाठी ती दुपारभर मनातल्या मनात हिंमत गोळा करत होती, थोडी ऐटीतच म्हणा ना. आता त्या खऱ्यात मामाचा हातही होता. खाद्य टाकणारा. ते सांगायला कसली हिंमत लागते हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"ऐकतेस ना?"

"मामा, पिल्लं उरलीत ना रे?"

"उरलीत की. हजारेक असतील. त्यांनाच आता जपायचं. मोठे गेल्यामुळे यांना भरपूर मिळेल. आत्ता निघालोच होतो पोतं घेऊन."

"टाकू नकोस."

"काय?"

"खाद्य. आज टाकू नकोस. उद्याही नको. आणि उद्या चारला नाव काढ, पहाटे चारला, मी येते बाटल्या घेऊन. जीप नाही मिळाली तर सायकलनं येईन."

"पहाटे? तुमची प्रयोगशाळा कधीपासून कोंबड्याबरोबर उठायला लागली?" तो हसला. कालपासून पहिल्यांदाच. मग ते हसणं सावकाश ओसरलं, आणि मागं पाणी ऐकू आलं, काठावर लागणारं, आणि खाली ठेवलेल्या पोत्याचा आवाज.

"का गं?" तो म्हणाला.

राग नव्हता त्या आवाजात. संशयसुद्धा नव्हता. असता तर बरं झालं असतं; रागाला द्यायची दोन-तीन उत्तरं तिच्याजवळ तयार होती. हे नुसतं विचारणं होतं – माहीत नसलेल्यानं माहीत असलेल्याला विचारावं तसं, आणि जे काय ती सांगेल ते तो मानणार होता. भिंतीवरच्या घड्याळात चारला सात मिनिटं कमी होती. बाहेर साहेब कुणाला तरी म्हणत होते, झालाच असेल, सही केली की देतो. दुपारभर तिच्या आत जे एकसारखं येरझारा घालत होतं ते आता एका जागी उभं राहिलं होतं, आणि उभं राहिल्यावर ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जड निघालं.

"मामा," ती म्हणाली, "बस जरा खाली."

"बसलो," मामा म्हणाला. "बोल."