आवतण मिळालेला उजवा बूट

माझे पूर्ण नाव उजवा दिपाली घागरे. वय वर्षे चार. ही संख्या वाचून कोणी मला बालक समजू नये. स्केटिंगच्या बुटाने चार वर्षे काढणे म्हणजे माणसाने पंच्याऐंशी गाठण्यासारखे आहे, आणि त्या वयाला शोभेल असा मान मला वाचकांकडून अपेक्षित आहे.

माझे मराठी शुद्ध आहे, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. ते मला घरातून मिळालेले नाही. सौंसरच्या ज्या घरात मी आयुष्य काढले, तेथे सर्व मंडळी 'करून राहिलो' आणि 'येऊन राहिली' असेच बोलतात. मी जे काही शिकलो, ते वर्तमानपत्र वाचून, स्वकष्टाने शिकलो. ते कसे, हे ओघाने येईल.

माझा जन्म उत्तरेकडील एका कारखान्यात, डाव्यासह जुळा म्हणून झाला. वर्ण पांढरा, गळ्यापर्यंत नाडी, तळाशी पुढे दोन व मागे दोन अशी चाके. आम्ही फिगर स्केटिंगचे बूट. म्हणजे नुसते धावणे आमच्याकडे नाही. गिरक्या घेणे, उडी मारून हवेत फिरणे आणि एका पायावर, पाठमोरे, डौलाने उतरणे हे आमचे काम. बर्फाच्या देशांत हा खेळ पात्यांवर खेळतात. आमच्या तालुक्यात बर्फ फक्त उसाच्या रसात असतो. म्हणून येथे चाके.

नागपुरात सीताबर्डीवरच्या एका दुकानात मी टांगलेला असताना दिपाली तिच्या आजोबांबरोबर आली. आजोबांचे नाव चिंधूजी घागरे. घरात त्यांना आबाजी म्हणतात. घरातील कोणाच्याही पायात काय जावे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा एकट्याचा. दिपालीचे वडील हेमराज यांच्या वहाणासुद्धा अद्याप आबाजीच पसंत करतात. हेमराज यांचे त्यावर काही मत असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

दुकानदाराने सांगितले की हा बूट पायाला घट्ट बसला पाहिजे, बोटे पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. आबाजींना त्या अज्ञानी माणसाची कीव आली.

"वाढत्या पायाले वाढता बूट पायजे, शेठ. पोट्टी काय आज आहे तेवढीच राहते का?"

अशा रीतीने मी दोन मापे मोठा विकला गेलो. घरी आल्यावर दिपालीची आजी पंचफुलाबाई यांनी मोकळी जागा भरण्यासाठी माझ्या पुढच्या भागात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, आणि तेथेच माझे विद्याध्ययन सुरू झाले. माझ्या वाट्याला अग्रलेखाचा वरचा अर्धा भाग आला. अर्धाच वाचायला मिळाल्याने माझी मते फार ठाम झाली. डाव्याला बाजारभावाचे पान मिळाले. त्यामुळे तो बिचारा आजही कापूस आणि संत्री यांच्यापलीकडे काही बोलत नाही.

सराव चाले तो रामाकोन्याच्या रस्त्यावरील घागऱ्यांच्या शेडमध्ये. तेथे हंगामात संत्री निवडतात. फळाला खरचटू नये म्हणून फरशी घोटून गुळगुळीत केलेली. हंगाम सरला की ती फरशी आमची. दिपाली पहिल्या दिवशी उभी राहिली आणि रिकाम्या क्रेटांच्या थप्पीत गेली. दुसऱ्या दिवशी त्याच थप्पीत दुसऱ्या बाजूने गेली. यालाच प्रगती म्हणतात.

दर रविवारी आम्ही बसने पांढुर्ण्याला जात असू. तेथे एका शाळेच्या अंगणात मृणाल मॅडम शिकवीत. सडपातळ बाई, आवाज मात्र बैलगाडी थांबेल असा. माझे माप पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. पण घोट्यापाशी मी नरम आहे, हे नवशिक्या मुलीला ठीकच आहे, असेही म्हणाल्या. तो शेरा मी जपून ठेवला. मोठ्यांच्या बोलण्यातला आपल्या सोयीचा भाग जपून ठेवावा, हे मी अग्रलेखावरूनच शिकलो होतो.

आता मुख्य कथेकडे येतो.

पहिल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आबाजी गोठ्यात बैलांची खांदमळणी करीत होते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा दुखावतो. म्हणून त्या दिवशी पळसाच्या पानाने त्याला लोणी व हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण देतात. तेवढ्यात दिपाली शेडमधून आली. नव्या बुटाने तिच्या घोट्याला जरासे खरचटले होते. आबाजींनी ते पाहिले, मला तिच्या पायातून उतरवून बैलांच्या रांगेत ठेवले आणि उरलेले लोणी व हळद माझ्या घोट्याला चांगले जिरेपर्यंत चोळले. मग बैलांना म्हणाले तेच, त्याच गंभीर आवाजात, मलाही म्हणाले,

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

वाचकहो, मला आजवर कोणी जेवायला बोलावले नव्हते. बुटाला सहसा बोलावत नाहीत. उलट जेवणाच्या जागेपासून दूर ठेवतात. त्या क्षणी मी आबाजींचा झालो. डाव्यालाही आवतण मिळाले, पण त्याने फक्त लोण्याचा भाव विचारला.

पुढच्या पोळ्यालाही हा सोहळा झाला. माझा रंग पिवळसर झाला. घोटा तर इतका मऊ झाला की पंचफुलाबाई मला दुमडून पलंगाखाली सरकवीत. आबाजी येणाऱ्याजाणाऱ्याला मला हातात देऊन म्हणत, दाबून पाहा, कसा मुरला. लोक दाबत आणि मान डोलवीत. मीही आतल्या आत डोलत असे.

दरम्यान दिपाली वाढली. पाय माझ्यात नेमका मावू लागला, बोळे निघाले आणि माझी शाळा सुटली. त्याहून अधिक वाढली ती तिची विद्या. आधी सरळ जाणे, मग उलटे जाणे, मग गिरकी, मग अर्ध्या फेरीची उडी, मग पूर्ण फेरीची. शेवटी मॅडमनी तिला दीड फेरीची उडी दिली. तीत डाव्यावरून झेप घ्यायची, हवेत दीड वेळा फिरायचे आणि उजव्यावर उतरायचे. थोडक्यात, उडी डावा मारणार आणि निस्तरणार मी.

मला निस्तरता येईना. दिपाली हवेत सुंदर फिरे, खाली येई, तिचा सारा भार माझ्यावर पडे आणि मी माझ्या त्या सुप्रसिद्ध मऊपणाने आत कलत असे. माझ्याबरोबर तिचा घोटाही कले. ती पडे, उठे, पुन्हा पडे. तिला वाटे, चूक तिचीच आहे. मी तिला खरे सांगू शकत नव्हतो, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मलाही चूक तिचीच वाटत होती.

तिसऱ्या वर्षी छिंदवाड्याला दसऱ्यानंतर स्पर्धेसाठी निवड होती. पोळ्याच्या आधीच्या रविवारी मॅडमनी मला हातात घेतले व घोट्यावर अंगठा दाबला. मी मांड्यासारखा दुमडलो. त्यांनी दिपालीला न्यायला आलेल्या आबाजींना शांतपणे समजावले की शिकताना नरम बूट चालतो, उडी वाढली की घोटा आवळून धरणारा ताठ बूट लागतो. हा बूट आता संपला आहे, नवा येईपर्यंत उडी बंद, आणि उडीवाचून निवडीला जाण्यात अर्थ नाही.

संपला हा शब्द आबाजींना माझ्याइतकाच लागला. बसमध्ये ते सौंसर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. घरी आल्यावर मात्र पंचफुलाबाईंपुढे त्यांनी तोंड उघडले. मऊ झाला तेव्हाच तर तो बूट झाला, कडक असतो तो पत्रा, असे त्यांचे म्हणणे होते.

"अन् बाई कुठली? पांढुर्ण्याची. जिथं लोक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर जाऊन हौसेनं एकमेकायचे गोटे खातेत, तिथली बाई घोट्याले भेते."

पंचफुलाबाई भाकरी थापत होत्या. मी पलंगाखालून आबाजींना पूर्ण अनुमोदन दिले. ज्याने आपल्याला जेवायला बोलावले, त्याच्या विरुद्ध मत देणे मला सभ्यपणाचे वाटले नाही.

दिपाली मात्र शेडमध्ये चोरून उडीचा सराव करू लागली. आबाजींनी स्वतःच्या हाताने मळलेले बूट वाईट आहेत, हे तिच्या तोंडून निघणे शक्य नव्हते. त्यापेक्षा त्याच बुटात उडी जमवून दाखवणे तिला सोपे वाटत होते. मी प्रत्येक वेळी कलत होतो. एका दुपारी तिच्या घोट्यातून बारीक आवाज आला. ती क्रेटवर बसली, मला काढून बाजूला ठेवले आणि पाय दोन्ही हातांनी धरून हुंदका गिळला. मला तिने एक शब्दही दोष दिला नाही. शिव्या मिळाल्या असत्या तर बरे झाले असते. त्या दुपारी माझी ठाम मते प्रथमच जरा सैल झाली.

पोळ्याचा आदला दिवस उजाडला. आबाजींनी बैलांचे खांदे मळले, त्यांना आवतण दिले आणि लोण्याची वाटी घेऊन ओसरीवर आले. दिपाली पाय परकराखाली घेऊन बसली होती. मी समोर होतोच. आबाजींनी मला मांडीवर घेतले, बोटे लोण्यात बुडवली आणि मळायला लागले. मला प्रथमच ते नकोसे झाले. पण बुटाला अंग चोरता येत नाही.

पंचफुलाबाई आतून आल्या. त्यांच्या हातातही वाटी होती. तीत कढत हळदीचा लेप होता. त्यांनी दिपालीचा परकर बाजूला केला. घोटा संत्र्याएवढा सुजला होता.

ओसरीवर एकाच वेळी दोन घोटे हळदीने पिवळे होत होते. एक माझा, एक तिचा.

"अवो," पंचफुलाबाई म्हणाल्या, "दुखते कोनाचा अन् मळून कोनाचा राहिले तुमी?"

आबाजींचा हात थांबला.

"बैलाचा खांदा मळतेत, जुवाले कोनी लोणी लावते का? जू कडक असन तं खांद्याले आधार. मऊ जुवानं नांगर ओढला काय कधी तुमच्या बापानं?"

गोठ्यात एका बैलाने मान हलवली व घुंगरू वाजले. आबाजींनी माझ्याकडे पाहिले, मग त्या घोट्याकडे पाहिले. मग मला मांडीवरून उतरवून खाली ठेवले. फेकले नाही, ठेवले. तो फरक मी विसरणार नाही.

"दोन पोळे झाले," ते हळू म्हणाले, "जुवालेच जेवाले बोलावून राहिलो मी." आणि त्यांनी पंचफुलाबाईंच्या हातून लेपाची वाटी घेतली.

सूज उतरल्यावर आम्ही सर्व नागपूरला, सीताबर्डीवरच्या त्याच दुकानात गेलो. मॅडमही आल्या. मला पिशवीतून नेले होते, नमुना म्हणून. काय घेऊ नये, याचा नमुना.

आबाजी सुधारले होते, पण आबाजीच होते. त्यांनी दुकानातील सर्वांत ताठ बूट मागितला. मॅडम म्हणाल्या, तो दोन नि तीन फेऱ्यांच्या उड्या मारणाऱ्यांसाठी आहे. हिला एकच पायरी वरचा हवा. आबाजींनी त्यांच्याकडे कीव येऊन पाहिले.

"वाढत्या उडीले वाढता बूट पायजे, म्याडम."

दुकानदाराने मान खाली घातली. त्याला आवाज ओळखीचा वाटला असावा.

तो पत्र्यासारखा बूट दिपालीने घातला आणि नाड्या आवळून उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, गुडघा वाकव. गुडघा वाकेना. ती चालू लागली तेव्हा मानपानावरून रुसलेला व्याही मांडवातून निघाला आहे असे वाटले. आबाजी तरीही कौतुकाने पाहत होते. दिपालीने एकदा मॅडमकडे, एकदा पिशवीतल्या माझ्याकडे पाहिले आणि आजवर जे केले नव्हते ते केले.

"आबाजी, हा नाई पायजे. मले याच्यात वाकता येत नाई. अन् ते जुने बी मले दुखत होते. मी सांगतलं नाई तुमाले."

आबाजींच्या मिशा हलल्या. मला वाटले, आता दुकान हादरणार. पण ते पाटावर बसल्यासारखे तिच्यापुढे खाली बसले आणि स्वतःच नाड्या सोडू लागले.

"मंग सांगत जा नं, बाप्पा. बैल तं मुका असते. तू काहून मुकी?"

मधला बूट निवडला गेला. बोटे पुढे जेमतेम टेकली. गुडघा वाकवला तरी टाच उचलली नाही. आबाजींनी घोट्यावर अंगठा दाबला, नख पांढरे होईपर्यंत दाबला, आणि बूट थोडासाच वाकून परत जागेवर आला. त्यांनी समाधानाने मान डोलवली. ती मान मी ओळखत होतो. ती पूर्वी माझ्यासाठी डोलत असे.

नव्या उजव्याशी मी पिशवीतून परिचय करून घेण्याचा प्रयत्न केला. तो काही बोलला नाही. बोटे थेट टोकापर्यंत असल्याने त्याच्यात बोळ्याला जागाच नव्हती. म्हणजे तो निरक्षर राहणार. मी ते मनाला लावून घेतले नाही.

छिंदवाड्याला मी गेलो नाही. पण परत आल्यावर आबाजींनी गोठ्यात, शेडमध्ये आणि ओसरीवर वेगवेगळे सांगितले, त्यावरून कळले की दिपाली एकदा पडली, पण दीड फेरीची उडी उजव्या पायावर उतरली आणि उभी राहिली. निवड झाली.

मी आता शेडमध्ये जुन्या जुवाशेजारी खुंटीवर आहे. आकार जाऊ नये म्हणून पंचफुलाबाईंनी माझ्यात पुन्हा वर्तमानपत्र भरले आहे. या वेळी अग्रलेखाचा खालचा अर्धा भाग आहे. तो दुसऱ्याच विषयावर असल्याने माझी काही मते बदलली आहेत.

जाता जाता एकच विनंती. घरात माझ्यासारखा कोणी मऊ, मुरलेला आणि सर्वांचा लाडका बूट असेल, तर त्याच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहावा. दुमडला तर त्याचे आभार मानावेत आणि त्याला खुंटी दाखवावी. त्याला राग येईल. तो जिरतो.

यंदाच्या पोळ्याला आबाजींनी बैलांचे खांदे मळले, मग दिपालीचे दोन्ही घोटे मळले, आणि आवतण तिला दिले. बुटांना त्यांनी हात लावला नाही.