अध्यक्षांनी निवडलेले टायर

लॉर्न कटबर्टला बसून बोलता येत नसे. कोस्कीला नावाच्या गावच्या अग्निशमन समितीत माणसं चार, टेबल एक, आणि हीटर याच्याच पाठीशी. तरी हा उठायचा, पँट वर ओढायचा आणि समोर मैदान भरलंय अशा थाटात घसा साफ करायचा. सायमा हिएताला तेवढ्यात उठून कॉफी ओतून घ्यायची. अर्धा कप संपेपर्यंत मुद्दा यायचा नाही, हे तिला ठाऊक होतं.

त्या नोव्हेंबरात मुद्दा टायरचा होता. थंडर बे शहराच्या अलीकडे तासाभरावरचं हे गाव. आगी फारशा लागत नसत. फोन यायचे ते कुणाच्या छातीत दुखतंय, कोण शिडीवरून पडलंय, असे. त्यासाठी समितीने उन्हाळ्यात एक पिकअप घेतली होती. लाल, चार दारांची, लॉर्नच्या शब्दांत 'गावाची शान'. तिचे टायर बारमाही होते, म्हणजे बर्फ नसेल तेव्हा उत्तम. आता बर्फ पडून राहिला होता. हिवाळी टायर घ्यायचे, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. कुठले, हा प्रश्न होता.

लॉर्नने एक रंगीत कागद टेबलावर पसरला. त्यात एक पिकअप उभ्या कड्यावर चढत होती. टायरला चॉकलेटच्या वड्यांएवढे उंचवटे, आणि कडेला पांढरी ठसठशीत अक्षरं.

"हा टायर नुसता बघून बर्फ बाजूला होईल," लॉर्न म्हणाला.

"हे चिखलाचे टायर आहेत," सायमा म्हणाली.

"सगळ्यावर चालतात."

"चिखलात चालतात. आपल्या थंडीत त्यांचं रबर लाकूड होतं. आपल्याला मऊ रबराचे पाहिजेत, बारीक बारीक खाचांचे. कडेला डोंगर आणि हिमकणाची खूण कोरलेली असते ना, ते. रुंदीला कमी. आणि खिळे ठोकलेले."

"खिळे!" लॉर्न तिसऱ्या सभासदाकडे, एस्कोकडे वळला. "ऐकलंस? आपण माणसं वाचवायला निघालोय की गावभर टपटप नाचायला?"

एस्को हसला. एस्कोला एका कानाने ऐकू येत नसे आणि दुसऱ्या कानाचं यंत्र तो घरी विसरायचा. पण अध्यक्षांनी आपल्याकडे बघितलं की हसायचं, एवढं त्याने पक्कं केलं होतं.

"चारही चाकांना जोर आहे, सायमा," लॉर्न समजुतीच्या सुरात म्हणाला.

"तो पुढे जायला. थांबायला काय आहे?"

"ब्रेक," लॉर्न म्हणाला, आणि बिचारीला एवढंही माहीत नाही अशी मान हलवली.

सायमाच्या मस्तकात तिडीक गेली. हा गृहस्थ टोरांटोकडे खिडक्यांचे पडदे विकून निवृत्त झालेला. तळ्याकाठी घर बांधलं, आणि जानेवारी लागला की बायकोला घेऊन फ्लोरिडाला पळायचा तो बर्फ वितळल्यावर उगवायचा. हिवाळा याने पाहिलेला तो नाताळच्या शुभेच्छापत्रावर असतो तेवढाच. गावात बाकी प्रत्येकाला दोन-दोन कामं होती आणि याला एकही नव्हतं, म्हणून हा अध्यक्ष.

चौथा सभासद मर्व्हिन मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीला गेला होता. तो येईपर्यंत थांबू, एवढं सायमा म्हणाली असती तरी पुरे होतं. मर्व्हिन जन्मभर लाकूड वाहणारे ट्रक चालवत आलेला, त्याने तो कागद चुलीत घातला असता. पण तिला एकदम वीट आला. घे, तुला हवे तेच घे, आणि पड एकदा खड्ड्यात. लॉर्नने मत मागितलं तेव्हा तिनेही हात वर केला. घरी जाताना तिने वाटेत लॉर्नला चार-पाच वेळा खड्ड्यात घातलं, एकदा तर डोकं खाली आणि बूट वर, आणि तिला बरंच हलकं वाटलं.

घरी तिचा नवरा तोइवो वाटाण्याचं सूप ढवळत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मग तू हात का वर केलास?"

"घसरला की अक्कल येईल त्याला."

"त्याला?" तोइवो म्हणाला. "बरं." आणि सुपात मीठ घातलं.

डिसेंबरात सांताची मिरवणूक निघते. टेकडीवरच्या शाळेपासून खालच्या सभागृहापर्यंत. दरवर्षी सांता ट्रॅक्टरवर बसायचा. यंदा अध्यक्षांनी जाहीर केलं की सांता समितीच्या पिकअपमध्ये येईल आणि गाडी ते स्वतः चालवतील. नवे टायर गावाला दाखवायचे होते ना! सांता व्हायचा तो मर्व्हिन. पण मूस ओढून आणताना त्याची कंबर धरली. मिरवणुकीच्या सकाळी तोइवो आरशापुढे पांढरी दाढी लावताना दिसला तेव्हा सायमाला कळलं.

"तू?"

"पोट माझंच आहे म्हणाले. उशी लागत नाही."

सायमाने खिडकीबाहेर बघितलं. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि त्यावर कडाक्याची थंडी आली होती. रस्ता बाटलीच्या काचेसारखा, वर पिठासारखा बर्फ भुरभुरलेला.

"त्या गाडीत बसू नकोस, तोइवो. चालत ये."

"सांता चालत येतो का? पोरं काय म्हणतील!"

"लॉर्न चालवतोय."

"उतार केवढासा. चालायच्या वेगानेच तर यायचंय," तोइवो म्हणाला. मग दाढीतून तिच्याकडे बघत म्हणाला, "आणि टायर समितीने एकमताने घेतलेत."

ती बूट चढवून सभागृहाकडे निघाली. टेकडीच्या पायथ्याशी सभागृहाच्या दारात तिने भाताच्या खिरीचं पातेलं मांडलं, शेजारी 'पर्शियन' म्हणतात त्या गुलाबी साखरेच्या गोड पावांच्या परड्या. सगळं गाव रस्त्याच्या कडेने उभं होतं.

पिकअप टेकडीच्या माथ्यावर आली. दिवे लावलेले, लाल रंग चकाकतोय, पांढरी अक्षरं दिसतायत. मागच्या उघड्या भागात सभागृहातली मोठी खुर्ची दोरीने बांधली होती आणि तिच्यात तोइवो बसून घंटा वाजवत होता. लॉर्नने काच खाली करून कोपर बाहेर काढलं होतं. राजघराण्यातली माणसं हलवतात तसा तो हात हलवत होता.

उतार लागला. लॉर्नने ब्रेक दाबला. गाडीने तो मनावर घेतला नाही.

ती इतकी सावकाश घसरत निघाली की लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि टाळ्या पडल्या. सायमाच्या हातातला खिरीचा डाव तसाच राहिला. गाडी हळूहळू आडवी झाली. ब्रेकची कडकड ऐकू येत होती, आणि चाकं अशी सरकत होती की जणू खाली साबण लावलाय. घंटा थांबली. सांताने फिनिश भाषेतला एक शिवराळ शब्द उच्चारला, तो त्या दिवशी गावातल्या सगळ्या पोरांना पाठ झाला. मग मात्र पळापळ झाली. अकॉर्डियनवाला अकॉर्डियनसकट उडी मारून बाजूला गेला. गाडीचं शेपूट सभागृहाच्या कडेच्या बर्फाच्या ढिगात घुसलं, दोरी तुटली, आणि सांता खुर्चीसकट ढिगाच्या पलीकडे गेला.

सायमा धावली, दोनदा गुडघ्यांवर पडली, आणि पोचली.

"कुठे लागलं? तोइवो! बोल ना!"

"दाढी गिळली थोडी," तो म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता. त्याने उजवा हात वर करायचा प्रयत्न केला, पण मनगट भलत्याच दिशेला लोंबलं. "हे बघ. हा माझा हात. वर होत नाही."

त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. विचारायचं धाडस तिचं झालं नाही. तिने त्याला आपल्या जुन्या गाडीत घातलं आणि थंडर बेच्या इस्पितळात नेलं. खिळ्यांचा खडखडाट करत ती गाडी सगळ्या बर्फावरून सरळ गेली, आणि वाटेत सायमाने लॉर्नला एकही शिवी दिली नाही. घशाशी आलेली प्रत्येक शिवी तिला आपल्याच नावाची वाटत होती.

पुढच्या बैठकीला लॉर्न उठला, पँट वर ओढली, घसा साफ केला. बर्फ त्या दिवशी असामान्य होता. शिवाय सांता एका बाजूला कलून बसला होता, त्याने गाडीचा तोल गेला. तरी यावर उपाय आहे. मागे वाळूच्या गोण्या टाकायच्या, म्हणजे वजन येईल आणि टायर आपलं काम दाखवतील.

एस्को हसला. आपण चुकीच्या जागी हसलो हे मर्व्हिनच्या चेहऱ्यावरून कळल्यावर थांबला.

"गोण्यांनी काचेसारखा रस्ता खरखरीत होतो का रे?" कमरेला पट्टा बांधून बसलेला मर्व्हिन म्हणाला.

"थांब, मर्व्हिन. गोण्या टाकू," सायमा म्हणाली. "उद्या दुपारी टाकू. लॉर्नने तीच टेकडी उतरून दाखवायची. खुर्ची आहेच. मागे बेव्हर्ली बसेल."

बेव्हर्ली म्हणजे लॉर्नची बायको. बैठकीला केक घेऊन यायची, कापून वाटायची आणि कोपऱ्यात विणत बसायची. तिचा आवाज कसा आहे हे समितीला नीटसं माहीत नव्हतं.

"बसेल की!" लॉर्न म्हणाला. "का नाही बसणार? बेव्ह?"

बेव्हर्लीने सुया खाली ठेवल्या. "मी नाही बसणार."

"अगं, गोण्या असतील, मी हळूच—"

"मिरवणुकीत मी त्या गाडीपुढून पळाले, लॉर्न. ती माझ्या अंगावर येत होती. मी तुझ्याकडे बघत होते, की हा आता स्टिअरिंग फिरवेल, हॉर्न देईल, काहीतरी करेल." ती थांबली. "तू हात हलवत होतास. तेव्हाही."

लॉर्न हळूच खाली बसला. बसून बोलायला त्याला बहुधा शब्द सापडेनात, म्हणून त्याने केककडे बघितलं.

सायमाने घरून एक झणझणीत वाक्य तयार करून आणलं होतं. बेव्हर्लीकडे बघून ते तिने गिळलं. "मी मूर्खासारखा हात वर केला होता," ती म्हणाली. "तो परत घेते. टायर बदलू."

ती आणि मर्व्हिन थंडर बेला गेले. दुकानात केसांना चोपून तेल लावलेला एक विक्रेता होता. त्याने रुंद, चकचकीत टायर पुढे ढकलला. "पिकअपला हाच शोभतो, मॅडम."

"तिला लग्नाला न्यायची नाही," सायमा म्हणाली. "बाहेर अंगणात ठेवलेले दाखव. थंडीत पडलेले."

विक्रेत्याने कुरकुरत दार उघडलं. सायमाने हातमोजा काढून एकेका टायरवर नख दाबलं. एका चकचकीत टायरवर नखच वाकलं. मग कोपऱ्यातला एक काळा, अरुंद, कुरूप टायर. नख रबरात रुतलं. अंगभर सुरीने चिरल्यासारख्या बारीक खाचा, कडेला डोंगर आणि हिमकण. मर्व्हिन पट्टा सावरत वाकला आणि वजनाचा आकडा वाचून म्हणाला, "स्ट्रेचर, माणसं, पाण्याची टाकी, सगळं पेलेल. चारही हेच. पुढे हे, मागे दुसरे, असला कंजूषपणा नको."

"आणि खिळे ठोकून," सायमा म्हणाली.

"आवाज होतो बरं का, मॅडम."

"होऊ दे. आम्ही येतोय हे पेशंटला लांबूनच कळेल."

नाताळनंतर लॉर्न फ्लोरिडाला गेला, पण जाण्याआधी त्याने स्थानिक वर्तमानपत्राला मुलाखत दिली. फोटोत त्याचा एक पाय नव्या टायरवर होता. खाली छापलं होतं की सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नाही, हे आपण पहिल्यापासून सांगत आलो आहोत. तोइवोने प्लास्टरवर कागद टेकवून ते मोठ्याने वाचलं, दोनदा. सायमाने भांडी जरा आपटली, एवढंच.

जानेवारीतल्या एका दुपारी फोन आला. एस्कोच्या छातीत दुखत होतं. सायमाने पिकअप काढली, टेकडी चढून त्याच्या घरी पोचली, मर्व्हिनच्या बायकोच्या मदतीने एस्कोला मागच्या सीटवर आडवं केलं आणि तोच उतार उतरू लागली. रस्ता मिरवणुकीच्या दिवशी होता तसाच होता. मध्यावर एक हरणी आडवी आली. सायमाने ब्रेक दाबला. खिळे कचकचले, आणि गाडी नाक सरळ ठेवून थांबली. हरणीने मान वळवून पाहिलं आणि ती सावकाश पलीकडे गेली.

मागे एस्कोने डोळे उघडले. आज त्याच्या कानात यंत्र होतं.

"थांबली की गं," तो म्हणाला.

"थांबली."

"काही म्हण सायमा," एस्को दम खात म्हणाला, "लॉर्नने टायर मात्र झकास निवडले."

सायमाने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ निळसर झाले होते. तिने तोंड उघडलं, मिटलं, गिअर टाकला, आणि इस्पितळ येईपर्यंत दात आवळून गाडी चालवली.