पहिल्या छेदाचा मान

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा की तुम्ही बोटाएवढे आहात आणि एका माणसाच्या मुठीत बसला आहात. समोर संत्र्याच्या झाडाची कोवळी साल आहे. ती कापायची, पण आतल्या गाभ्याला धक्का लावायचा नाही. चाळीस वर्षं मी हेच काम केलं. कलम बांधायचा जुना चाकू आहे मी.

सावनेरच्या एका लोहाराने मोडक्या करवतीच्या पात्यातून मला घडवलं. लहानूजींनी मला विकत घेतलं तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटत होतं. रानटी लिंबाच्या रोपाला, म्हणजे खुंटाला, मी छेद द्यायचो. मग चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे फुटव्याचा कोंब, अलगद काढायचो. लहानूजी तो डोळा खुंटाच्या सालीत सरकवून पट्टी बांधायचे. दिवसाला पाचशे डोळे! "लहानूच्या हाताले यश आहे," असं लोक म्हणायचे. माझं नाव कोणी घेत नसे. मला त्याचं काही वाटत नसे.

आमच्याकडे एक रीत होती. वाडीतल्या, म्हणजे आमच्या बागेतल्या, सगळ्यात जुन्या संत्र्याला सगळे 'वडील' म्हणत. हंगामात रोज सकाळी पहिला छेद त्याला द्यायचा, एक डोळा त्याचा घ्यायचा आणि मगच कामाला लागायचं. तो त्याचा मान. नंतर लहानूजी मला दुपट्ट्याला पुसत आणि पुढच्या रोपाकडे वळत.

वडील हिरवागार होता. त्याच्या आत काय दडलंय, ते ना लहानूजींना दिसलं, ना मला.

मग आमची कलमं नेलेल्या मारोतरावांच्या बागेत खुंटांची साल उभी फाटू लागली. खपल्या निघाल्या. झाडं खुजी राहिली. झाडांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या अरुंधतीबाई नागपूरहून आल्या. त्यांनी मारोतरावांच्या झाडांची पानं तपासली आणि वडिलाचीही.

"लहानूजी, हा व्हायरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "विषाणूहूनही लहान. आरएनएचा नुसता एक वेढा, अंगावर कवचसुद्धा नाही. वडिलाच्या खुंटाला तो सोसतो, म्हणून वरून काही दिसत नाही. या नव्या जातीच्या खुंटांना सोसला नाही."

"पण थो इथवर आला कसा?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"वा गा लहानू!" मारोतराव म्हणाले. "मान वडिलाले, अन् मरण माह्या बागेले!"

दोनशे झाडं उपटून जाळली. लहानूजी दोन दिवस जेवले नाहीत. पुढे त्यांनी तपासलेल्या निरोगी झाडांचे डोळे आणून, नव्या चाकूने, मारोतरावांसाठी दोनशे कलमं बांधली. मी मात्र त्यांच्या खिशातच पडून राहिलो.

लावणीच्या सकाळी मारोतरावांच्या बागेत जुन्याच जागी खड्डे खणले. लहानूजींची नात सोनिका, अकरा वर्षांची, एका खड्ड्यात वाकली. तिथे राहिलेल्या जुन्या मुळीवर पांढरी बुरशी चढली होती.

"मॅडम, झाडाचा रोग बुरशीले होते का?"

"घ्या!" मारोतराव हसले. "आता बुरशीले बी डॉक्टर पाह्यजे!"

अरुंधतीबाई हसल्या नाहीत. "प्रयोगशाळेत काही बुरश्यांमध्ये व्हायरॉइड शिरून वाढले, असं काही शास्त्रज्ञांनी दाखवलंय. काहींना ते पटलेलं नाही. आपल्या या मातीत तसं होतं का, ते मला ठाऊक नाही."

"म्हंजे हो का नाही?"

"म्हणजे ठाऊक नाही, बाळा."

लहानूजींचा चेहरा उतरला. "बुरशीत असला, अन् कलमं लावली त?"

"तर हीसुद्धा जाऊ शकतील. आधी प्रत्येक खड्ड्यातली मुळी तपासू. पण एका खड्ड्यातलं पातं तसंच दुसऱ्यात नेऊ नका. पुसून किंवा स्पिरिटने हा जात नाही. दर वेळी ब्लीचच्या पाण्यात बुडवा आणि साठ मोजेपर्यंत ठेवा."

"तपासणी होईस्तोवर जागा पडीक ठेवू काहून?" मारोतराव चिडले. "मुळ्या तपासा का नका तपासू, तुह्ये कलमं तुह्याच वाडीत ठेव, लहानू!" आणि ते निघून गेले.

लहानूजींनी मला खिशातून काढलं. "माह्यानं होत नाही वं पोरी. याच चाकूनं म्या दोनशे झाडं मारली."

"तुम्हाले माहीत नव्हतं, आबाजी."

"नव्हतं."

"आता त माहीत आहे ना?"

लहानूजींनी मला तिच्या हातात दिलं. ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसले, पाठ फिरवून.

मित्रांनो, ज्या हाताने आपण प्रेमाने एखाद्या जिवाला शिवतो, तोच हात दुसऱ्या जिवाकडे दुखणं नेऊ शकतो. म्हणून दोघांच्या मध्ये जरा थांबत जा. मला कोणी थांबवलं नाही, आणि मला स्वतःला थांबता येत नव्हतं.

अरुंधतीबाईंनी बादलीत ब्लीचचं पाणी कालवलं. सोनिकाने मला त्यात बुडवलं. ते पाणी लोखंड खातं. दोनशे खड्डे होईपर्यंत माझी धार उरणार नाही, हे मला पहिल्याच बुडीत कळलं. ती पहिल्या खड्ड्यात उतरली, बुरशीची मुळी कापली, पिशवीत घातली आणि वर 'एक' लिहिलं.

दुसरा खड्डा दहा पावलांवर होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मागे फिरली, मला पुन्हा बादलीत बुडवलं आणि मोठ्याने आकडे मोजायला लागली.