तारखेचा प्रश्न

"आज तारीख काय, बाबा?" गाडी वळवता वळवता तिने पुन्हा विचारलं.

"चौदा. किती छळशील गं?"

छळणं भाग होतं. स्मरणशक्तीच्या चाचणीत बाबा काठावर जरी पास झाले, तरी आपल्या घरी एकटे राहू शकणार होते. नाहीतर दादाने वृद्धाश्रमात खोली बघूनच ठेवली होती. आणि त्या चाचणीतला तारखेचा प्रश्न अन्यायाचा होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? असले प्रश्न आकडेवारीने तपासणं हीच तिची नोकरी. बाकीच्या प्रश्नांत सारखेच गुण मिळवणारी माणसं तिने शेजारी शेजारी ठेवून पाहिली होती. कामावर जाणारे तारीख बिनचूक सांगत, निवृत्त झालेले नेमके तिथेच अडखळत. ज्याला सगळे दिवस सारखे, त्याने तारीख कशाला लक्षात ठेवायची? पण एवढी साधी गोष्ट साहेबांच्या गळी उतरवताना तिच्या नाकी नऊ आले. साहेबांचं आपलं एकच पालुपद, प्रश्न जुना आहे, राहू द्या. शेवटी तिच्या कटकटीला कंटाळून त्यांनी तो काढायला सही दिली. तरी दवाखान्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. नवा नियम इथवर पोचेपर्यंत वर्ष उलटेल, असं धरून तिने सकाळपासून बाबांकडून तारीख घोटून घेतली होती.

तपासणाऱ्या बाईंनी पाच शब्द ऐकवले, आकडे उलटे म्हणायला लावले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मग तेच शब्द पुन्हा विचारले. बाबांना एकच आठवला. ती कोपऱ्यात बसून बोटांवर गुण मोजत राहिली. तारखेची पाळी आली तेव्हा मात्र बाबांनी ताठ बसून वार, तारीख, महिना, साल धडाधड सांगितलं.

बाईंनी बेरीज केली. एक गुण कमी पडत होता.

"तारखेचा धरलात ना?" तिने तडकून विचारलं.

"तो आता धरत नाही. सवयीने विचारला जातो, एवढंच. परवाच वरून कळवलंय, निवृत्त लोकांवर त्या प्रश्नाने अन्याय होतो म्हणून."

आता भांडायचं तर बाबा अडखळले त्या प्रश्नावरूनच भांडायला हवं होतं. पाच शब्दांच्या प्रश्नाने कुणावरच अन्याय होत नव्हता. तो तिने स्वतः तपासला होता.

परतताना त्याच वळणावर बाबा खुशीत म्हणाले, "चौदा."

या खेपेला तिने विचारलं नव्हतं.