जेजूपुढची री

मैनाबाई सुनेला घेऊन कोरियाला जाऊन आल्या आणि त्यांचा मुलगा दिग्विजय बोईसरलाच राहिला.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य चुकून आधी पडलं. वाचलं असेल तर होतं तिथे ठेवून द्या. खरी गोष्ट कुकरच्या शिट्टीपासून सुरू होते.

दिग्विजय नवापूर नाक्याजवळ धर्मेशभाईच्या टूर्सच्या ऑफिसात बसायचा. काम एकच, लोकांना कुठेतरी पाठवणे. ऑफिसच्या पाटीवर शिर्डी आणि शनिशिंगणापूर ही नावं जुन्या रंगात होती. त्यांच्या पुढे उरलेल्या जागेत धर्मेशभाईने नव्या रंगात 'कोरिया' लिहून घेतलं होतं. त्यामुळे कोरिया शनिशिंगणापूरच्या पुढचा स्टॉप वाटायचा. गाडी मनोरहूनच हायवेला लागेल ना, असं लोक विचारायचे. धर्मेशभाई गिऱ्हाइकाला नाही म्हणत नसे. तो म्हणायचा, "हो, मनोरहूनच. पुढे थोडं विमान आहे."

कोरियाला गिऱ्हाईक होतं. बोईसर-पालघरच्या निम्म्या पोरी मालिका बघून बघून कोरियन भाषेत रुसायला शिकल्या होत्या. त्यांतली एक दिग्विजयच्या घरातच होती. उत्कर्षा, त्याची बायको. लग्नाला चारच महिने झाले होते. ती पालघरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायची आणि कचेरीची भाषा रोज डब्याबरोबर घरी परत आणायची. "मीठ कमी असल्याचे निदर्शनास आले आहे," असं ती जेवताना म्हणायची आणि मैनाबाई मुकाट्याने मीठ पुढे सरकवायच्या.

आणि अशात मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने छोट्या एजंटांसाठी सहल काढली. धर्मेशभाईच्या वाट्याला दोन जागा आल्या, फुकट. आधी सोल, राजवाडा आणि मनोरा, मग झाडांच्या रांगांचं नामी बेट, आणि शेवटी जेजू नावाचं मोठं बेट. धर्मेशभाईला विमानाची भीती होती. तो म्हणाला, "तू जा भाई, भाभीला घेऊन जा. बघून ये, म्हणजे विकता येईल. शिर्डी मी न बघता विकतो, पण कोरियाचं तसं चालणार नाही."

दिग्विजयने उत्कर्षाला सांगितलं. ती पहिल्यांदाच कचेरीची भाषा विसरली आणि नुसती "अय्या" म्हणाली. त्या एका अय्यासाठी दिग्विजय काहीही करायला तयार होता. फक्त आईला विचारायला तयार नव्हता.

त्याला कारण होतं. हे घर मूळचं नगरकडचं. वडील झुंबरराव तारापूर एमआयडीसीत नोकरीला लागले म्हणून इकडे आलं, पण येताना खंडोबाला सोबत घेऊन आलं. घरचा नियम असा, की लग्न झाल्यावर आधी जेजुरी, मग जग. कुलदैवताचं दर्शन झाल्याशिवाय नवरा-नवरीने जोडीनं शीव ओलांडायची नाही. आणि जेजुरीला पटकन जाऊन यायचीही सोय नव्हती. चैत्री पुनवेला सगळी भावकी जमणार, जागरण होणार, नवरा नवरीला उचलून पाच पायऱ्या चढणार, असं ठरलं होतं. दिग्विजयने एकदा सुचवून पाहिलं, की रविवारी गुपचूप दर्शन घेऊन येतो. मैनाबाई म्हणाल्या, "देवाच्या दारी काय दूध आणायला चाललाय व्हय?"

आणि विमान होतं पुनवेच्या आधी.

"मी बोलते आईंशी," उत्कर्षा म्हणाली. "प्रस्ताव थेट सादर करायचा. मधल्या टेबलावर अडकतो तो."

मैनाबाई ओट्यापाशी होत्या. उत्कर्षा शेजारी उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "आई, आम्हा दोघांना जेजूला—"

आणि कुकरने शिट्टी दिली. लांबलचक, वरणाची. शिट्टी संपली तेव्हा मैनाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय म्हनलीस? जेजुरीला? सोताच्या तोंडानं?"

उत्कर्षाने दिग्विजयकडे पाहिलं. दिग्विजयने कुकरकडे पाहिलं. 'री' नेमकी कुणी लावली, याचा तपास तिथेच थांबला. मैनाबाईंनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाल्या, "मी म्हनत हुते, आजकालच्या पोरी, ह्यांना देवाचं काय! आन ही बघा. पुनवेची बी वाट बघवंना हिला. जा गं बाई. सुनेला सोताहून वढ लागली म्हंजी देवाचंच बोलावनं की. त्याला मी कोन आडवनार? पुनवेला परत जाऊ समदे."

दिग्विजयने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण त्याने हिशेब केला, की आपण काहीच बोललेलो नाही आणि न बोललेलं खोटं नसतं. त्याने मनाशी ठरवलं, यापुढेही एक शब्द खोटा बोलायचा नाही. एवढं नीतीने वागूनही माणूस कुठे पोचतो, ते पुढे दिसेलच.

रात्रीच्या जेवणाला मैनाबाईंनी विचारलं, "मोबाईलात काय फोटू हाय का तिथला? आता लय सुधारना झाली म्हनं."

दिग्विजयने जेजूचा फोटो काढला. वसंतात तिथे शेतंच्या शेतं पिवळ्या फुलांनी भरतात.

"आगं बया! केवढा भंडारा उधळलाय!"

"पिवळं आहे खरं," दिग्विजय म्हणाला. खोटं नाही.

पुढचा फोटो समुद्रात घुसलेल्या डोंगराचा होता. समुद्रावर त्याने अंगठा धरला. "पायऱ्या आहेत वर जायला."

"म्हाईत हाय मला. नवलाख हायेत."

"मोजल्या नाहीत." हेही खरं.

मग काळ्या दगडाचे गोल टोपीवाले म्हातारे आले, पोटावर हात ठेवून उभे असलेले. "हे कोन?"

"गावाची राखण करतात," उत्कर्षा म्हणाली. तीही आता नीतीने वागू लागली होती.

"नवीन बसवल्याती वाटतं." मैनाबाईंनी फोटोला हात जोडले. "आन जानार कशानं? यष्टीनं?"

दिग्विजय पाणी प्यायला. "विमानाने."

झुंबररावांनी ताटातून मान वर काढली. ते दिवसाला एक वाक्य बोलायचे. कंपनीत मशीनचा आवाज एवढा, की बाकीची वाक्यं तिथे कुणाला ऐकू जात नसत आणि सवयच गेली होती. पण मैनाबाईंनीच टाळी वाजवली. "म्हंजी झाला का एकदाचा पुरंदरचा विमानतळ! किती वर्सं ऐकतेय!"

झुंबररावांनी वाक्य दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं आणि मान परत खाली घातली.

चार दिवस सुखात गेले. मैनाबाईंनी कॉलनीभर सांगितलं, की माझी सून स्वतःहून देवाला चालली आहे, तेही विमानाने. शेजारणींनी नारळ दिले. उत्कर्षाच्या बॅगेत कोटाच्या घडीखाली नारळांचा थर साचला.

पाचव्या दिवशी साखरबाई आली. ही तारापूरच्या किनाऱ्यावरची मासळीवाली. टोपली दारात टेकवून आधी गावगप्पा, मग बोंबील, असा तिचा क्रम.

"सून जेजुरीला निघाली माझी," मैनाबाई म्हणाल्या. "हे बघ फोटू." पोराने तो त्यांच्या मोबाईलवर पाठवला होता. या वेळी अंगठा नव्हता.

साखरबाईने डोळे बारीक केले. "ही जेजुरी हाय?"

"मंग?"

"काकी, जेजुरीला दर्या कवापासून आला?"

मैनाबाईंनी फोटो जवळ घेतला. लांब धरला. दर्या दोन्हीकडून दर्याच राहिला.

"आमची पोर तेजल दिवसभर हेच बगते," साखरबाई म्हणाली. "जेजू म्हंतात याला. फारीनला हाय. तिकडच्या म्हाताऱ्या दर्यात बुडी मारून शिंपल्या काढतात. आमी तेजलला बोललू, आमी काढतो तवा तू नाक धरतेस, त्यांचं मातर मोबाईलात बगतेस! देऊ का बोंबील?"

"नगं," मैनाबाई म्हणाल्या. "आज खंडोबाचा वार हाय." खंडोबाचा वार रविवार, आणि त्या दिवशी मंगळवार होता. पण हे त्यांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

संध्याकाळी दिग्विजय आला तेव्हा बाजेवर नारळ रांगेने मांडलेले होते आणि शेजारी आई बसली होती.

"दिग्या, जेजू कुठं आलं?"

"आई, मी एकही शब्द खोटा बोललो नाही."

"त्येच म्हनते मी. येवढं खरं बोलून लबाडी करायला लय डोकं लागतं. ते आभ्यासाला का नाय लावलं?"

उत्कर्षा मधे पडली. "आई, चूक माझी. मी कुकर बंद करून बोलायला हवं होतं."

"तू गप. तुझ्या जेजूला री शिट्टीनं लावली. ह्यानं त्यावर चार दिस जेवन केलं." मैनाबाई उठल्या. "जोडीनं शीव वलांडायची न्हाई म्हंजी न्हाई. इषय संपला."

विषय संपला होता. दिग्विजयला डोळ्यांसमोर ती पिवळी शेतं दिसली आणि त्यात उभी असलेली उत्कर्षा, जिच्या शेजारी आता कुणी नव्हतं. त्याला वाटलं, ती रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. कचेरीत एखाद्या परिपत्रकात फट सापडल्यावर तिचा चेहरा असा व्हायचा.

"आई, नियमात शब्द काय आहे? 'जोडीनं'?"

"व्हय. जोडीनं."

"म्हणजे एकट्याला मनाई नाही."

"एकट्याला कशाला आसंल? एकटा मानूस कामाला जातोच की."

"मग जोडी फोडली तर नियम अबाधित राहतो."

दिग्विजयला वाटलं, बायको आपल्याला एकट्याला पाठवते आहे. त्याचा ऊर भरून आला. "नको गं, तुझ्याशिवाय मी—"

"तुम्ही नाही," उत्कर्षा म्हणाली. "मी. दुसऱ्या जागेवर आई."

 तेवढ्यात झुंबररावांनी दिवसाचं वाक्य खर्च केलं. "तिचा पासपोर्ट हाय."

होता खरा. मागच्या वर्षी धर्मेशभाईने 'घरटी एक पासपोर्ट' अशी मोहीम काढली होती. पासपोर्ट काढायला कुणी मिळेना, म्हणून दिग्विजयनेच आईला नेऊन तिचा काढला होता. स्वतःच्या हाताने. व्हिसाचे कागद अजून गेले नव्हते, त्यामुळे नाव बदलायला धर्मेशभाईला एक फोन पुरला. "चांगलं आहे ना भाई," तो म्हणाला. "सिनियर लेडीजचं मार्केट पण कळेल."

यानंतर जे झालं ते झालेलं नाही असं सुरुवातीलाच सांगून टाकलंय, त्यामुळे ते सांगता येत नाही. तरी दिग्विजयला जे व्हिडिओ कॉल आले, ते असे होते.

पहिल्या कॉलमध्ये मैनाबाई सोलच्या राजवाड्यापुढे इरकली लुगड्यात उभ्या होत्या. तिकडच्या पारंपरिक वेशात येणाऱ्याला तिथे तिकीट नसतं. मैनाबाईंचं म्हणणं, पारंपरिक ते पारंपरिक, परंपरा कुणाची ते नंतर बघू. दारावरच्या माणसाने मान हलवली, यांनीही हलवली, आणि त्या आत गेल्या. मागून चार कोरियन पोरी फोटो काढायला धावल्या.

दुसऱ्या कॉलमध्ये मनोरा होता. तिथे प्रेमी जोडपी कठड्याला कुलूप लावतात आणि साथ कायम राहते म्हणतात. सासू-सुनेनेही लावलं.

"कुलूप कुठून आणलं?" दिग्विजयने विचारलं.

"घरातनं निघताना खुंटीवरचं घेतलं, बॅगंला लावायला," मैनाबाई म्हणाल्या. "किल्लीसकट. किल्ली दिली टाकून. लय मजबूत कुलूप हाय, दिग्या."

ते ऑफिसच्या शटरचं होतं, निघायच्या दिवशी निरोप द्यायला घरी आल्यावर दिग्विजयने खुंटीला अडकवलेलं. त्या दिवसापासून शटर सुतळीने बांधलेलं होतं आणि दिग्विजय त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला होता.

तिसरा कॉल जेजूहून. पिवळी शेतं, वारा, आणि तो दगडी म्हातारा. मैनाबाईंनी त्याला हळद लावली होती, पुढे नारळ ठेवला होता. त्याच्या नाकाला हात लावला की मूल होतं, असं गाइडने सांगितल्यावर त्यांनी सुनेचा हात धरून नाकावर ठेवला. "सदर बाब विचाराधीन आहे," उत्कर्षा म्हणाली, पण हात तिने काढला नाही. मग तिने मोबाईल स्वतःकडे वळवला. वाऱ्याने केस तोंडावर येत होते. "तुम्ही हवे होतात," ती म्हणाली. साध्या भाषेत.

चैत्री पुनवेला खरी जेजुरी झाली. दिग्विजय बायकोला उचलून पाच पायऱ्या चढला, सहावीवर त्याने धाप लागल्यासारखं केलं आणि हळूच विचारलं, "आता देवाचं झालं. आता जोडीनं जाऊ ना जेजूला?"

मैनाबाई मागेच होत्या. त्यांचे कान कुकर नसताना फार चांगले चालतात.

"जोडीनं कुटं बी जा. काशीला जा, आबूला जा. पर जेजू न्हाई. जेजुरीच्या नावावर तू मला फशिवलंयस. ज्या दिवशी त्या बेटाचं नाव जेजुरी व्हईल, त्या दिवशी तुझं बोलनं खरं, त्या दिवशी जा." आणि त्यांनी मूठभर भंडारा त्याच्या डोक्यावर टाकला. देवाच्या दारातला शब्द. त्याला अपील नाही.

परत आल्यावर उत्कर्षाने मसुदा केला, दिग्विजयने सही केली आणि धर्मेशभाईने पाकिटाला तिकीट लावलं.

प्रति,
मा. प्रांतप्रमुख साहेब,
जेजू बेट, दक्षिण कोरिया.

विषय : आपल्या बेटाच्या नावास 'री' हे अक्षर जोडणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, आपल्याकडे खेड्यांच्या नावाअखेर 'री' लावण्याची प्रथा असल्याचे अर्जदाराच्या पत्नीच्या निदर्शनास आले आहे. सबब सदर अक्षर आपल्या बेटासही लावण्यास कोणतीही अडचण नसावी. तरी कृपया बेटाचे नाव 'जेजुरी' असे करण्यात यावे, व सदर बदल अर्जदाराच्या घरी कुकरची शिट्टी झाल्याच्या दिवसापासून पूर्वलक्षी प्रभावाने अंमलात आणावा, जेणेकरून अर्जदाराने आईस खोटे सांगितले नव्हते असे सिद्ध होऊन त्यास सपत्नीक येणे शक्य होईल. तसेच सोल येथील मनोऱ्यावरील अर्जदाराचे शटरचे कुलूप येताना परत मिळावे, ही नम्र विनंती.